परसातल्या सातेरी पेट्या वसंतात वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परसात सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, एक-दोन पेट्या आहेत, वर्षभर टिकल्या आहेत आणि आता चार-पाच कराव्यात असे वाटते, अशांसाठी हे लिहिले आहे. कोकण, घाटमाथा आणि पुणे-सातारा-कोल्हापूर पट्टा डोळ्यांसमोर आहे. व्हिडिओंत दिसणारे मधमाशीपालन बहुतेक वेळा युरोपी माशीचे आणि बर्फाळ हिवाळ्याचे असते. आपल्या माश्यांचा कठीण काळ पावसाळा आहे. त्यामुळे वसंतातला प्रत्येक निर्णय जूनपासून मागे मोजत घ्यायचा.

वसंत म्हणजे नेमका कोणता महिना धरायचा?

कोकणात आंबा मोहरला, काजू फुलला की डिसेंबर-जानेवारीतच पेट्यांना जोर येतो. देशावर शेवगा, काटेसावर, पांगारा आणि बियाण्यासाठी राखलेला कांदा यांच्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये माश्या भरतात. घाटमाथ्यावर मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुलते आणि मग हिरडा. म्हणून कॅलेंडरपेक्षा पेटीकडे बघा. पायांना परागाच्या भरीव गोळ्या लावून माश्या एकामागून एक आत शिरत असतील आणि पोळ्याच्या कडांना नवे पांढरे मेण दिसत असेल, तर तुमच्याकडचा वसंत सुरू झाला.

तो कधी संपतो हे मात्र काटेकोर मोजावे लागते. समजा १५ मार्चला पेटीचे विभाजन केले. राणी नसलेल्या भागात माश्या कोवळ्या अळीपासून नवी राणी घडवतील. ती बाहेर यायला साधारण बारा दिवस लागतात, म्हणजे २७ मार्च. त्यानंतर आठवडा-दहा दिवसांत ती मिलनासाठी उडते आणि आणखी दोन-तीन दिवसांनी अंडी घालू लागते. झाला एप्रिलचा दुसरा आठवडा. त्या अंड्यांतून कामकरी माश्या बाहेर यायला १९-२० दिवस, म्हणजे एप्रिलअखेर. हातात उरला फक्त मे महिना. मोसमी पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कोकण आणि पुण्यात पोहोचतो. म्हणून माझ्या मते मार्चचा मध्य ही विभाजनाची शेवटची तारीख समजावी. पक्व राणीघर (राणी वाढते ते खास घर) हाताशी असेल तर आठवडाभर वाचतो, तेवढीच सवलत घ्या.

दोन पेट्या आहेत. यंदा किती करू?

चार. फार जोमदार असतील तर पाच, त्याहून जास्त नकोत.

हा आकडा अनेकांना कमी वाटतो, कारण मार्चमध्ये माश्या इतक्या दिसतात की एका पेटीच्या तीन-चार सहज होतील असे वाटते. होतातही. पण जुलैत सलग दहा-बारा दिवस पाऊस लागतो तेव्हा दोन चौकटींवर (पोळे धरणाऱ्या लाकडी चौकटींवर) उरलेली वसाहत स्वतःची ऊब राखू शकत नाही. पिले थंड पडतात, मेणअळी (पोळे खाणारी पतंगाची अळी) शिरते आणि एका सकाळी पेटी रिकामी सापडते. सातेरी माशीचा स्वभावच असा आहे की पोटाला नाही किंवा त्रास फार झाला तर ती घर सोडून जाते. सहा अशक्त पेट्यांपेक्षा चार भरलेल्या पेट्या पावसाळ्यातून बाहेर काढणे केव्हाही चांगले, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच तुम्हाला पुढे नेतात. आणखी एक हिशेब आधी करा. पावसाळ्यात दर पेटीला आठवड्याला साधारण २०० ग्रॅम साखर लागते. जेवढ्या पेट्यांना ती चार महिने न चुकता देता येईल आणि भर पावसातही बघता येईल, तेवढ्याच करा.

पेटी विभाजनाला तयार आहे हे कसे ओळखायचे?

खालच्या कोठीतल्या, म्हणजे पिलांच्या कप्प्यातल्या, आठपैकी किमान सहा-सात चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या हव्यात. चार-पाच चौकटींवर पिले हवीत आणि त्यांत अंडी, उघड्या अळ्या, बंद कोष असे सगळे टप्पे दिसायला हवेत. बाजूच्या चौकटींत मध आणि पराग हवेच.

यानंतर नर बघा. एक चौकट उन्हाकडे तिरकी धरा आणि पोळ्याची खालची कड न्याहाळा. नरांची घरे कामकरी माश्यांच्या घरांपेक्षा मोठी आणि फुगीर असतात. सातेरीत त्यांच्या टोपीच्या टोकाला बारीक छिद्र असते. एकदा ओळखले की पुन्हा चुकत नाही. नर बाहेर आल्यावरही मिलनायोग्य व्हायला दहा-बारा दिवस घेतात. म्हणून पेटीत नर हिंडताना दिसू लागेपर्यंत थांबा. नरांआधी केलेल्या विभाजनातली नवी राणी मिलनाविना राहते आणि अख्खा हंगाम वाया जातो.

प्रत्यक्ष विभाजन कसे करायचे?

घरगुती पेट्यांसाठी मला निम्मे-निम्मे करण्याची पद्धत सर्वांत भरवशाची वाटते, कारण तिला दुसरी जागा लागत नाही.

ऊन पडलेली, वारा नसलेली सकाळ घ्या, दहा ते बारा दरम्यानची. तशीच दुसरी पेटी, तोच रंग, तेच तोंड, आधीच तयार ठेवा. सातेरीला धूर थोडाच द्यायचा. नारळाच्या सोडणाचे दोन-तीन झुळके दारातून दिले की पुरे. जास्त धुराने ती बिथरते आणि पोळ्यावरून घोळक्याने खाली ओघळते. मग राणी सापडणे अवघड.

राणी शोधा. ती बहुधा ताज्या अंड्यांच्या चौकटीवर असते. ज्या चौकटीवर ती दिसेल ती चौकट तशीच नव्या पेटीत ठेवा, सोबत पिलांची आणखी एक चौकट, मध-परागाची एक आणि बाजूला मेणपत्रा (घरांचा छाप असलेला मेणाचा पातळ पत्रा) लावलेल्या एक-दोन चौकटी. जुन्या पेटीत राणी नाही, म्हणून तिच्याकडे बंद कोषांच्या चौकटी जास्त ठेवा. त्यांतून निघणाऱ्या कोवळ्या माश्याच नव्या राणीला वाढवणार आहेत. तिथे अगदी कोवळी अंडी-अळी असलेली निदान एक चौकट हवीच, नाहीतर राणी घडवायला त्यांच्याकडे काहीच नसेल.

आता जुनी पेटी तिच्या जागेवरून हातभर डावीकडे सरकवा आणि नवी तेवढीच उजवीकडे ठेवा. रानातून परतणाऱ्या माश्या मधल्या रिकाम्या जागेवर येतात, गोंधळतात आणि दोन्हीकडे वाटल्या जातात. संध्याकाळी दोन्ही दारांची गर्दी बघा. एकीकडे फार ओढ दिसली तर ती पेटी आणखी थोडी दूर सरकवा आणि दुसरी जवळ आणा. पुढे दोन्ही पेट्या रोज हातभर याप्रमाणे हव्या त्या जागी नेता येतात.

राणी सापडलीच नाही तर वेळ घालवू नका. चौकटी समसमान वाटा आणि चौथ्या दिवशी बघा. जिथे नवी अंडी तिथे राणी आहे, जिथे राणीघरे सुरू झाली तिथे ती नाही.

राणीघरे बरीच दिसतात. सगळी ठेवू का?

नाही. राणीघर पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखे खाली लोंबते. त्यांतली मोठी, सरळ आणि सुरकुतलेली अशी दोन ठेवा, बाकीची काढा. सगळी ठेवलीत तर पहिली राणी बाहेर आल्यावर वसाहत तिला थव्यासह, म्हणजे घर सोडून निघणाऱ्या माश्यांच्या जमावासह, बाहेर काढू शकते. मग तुमचे विभाजन पुन्हा विभागले जाते. टोकावरचे मेण खरवडलेले आणि आतला तपकिरी कोष दिसत असेल तर राणी एक-दोन दिवसांत बाहेर येणार आहे. ती चौकट झटकू नका, आडवी करू नका.

यानंतर दोन आठवडे ती पेटी उघडूच नका. पेटी बघण्याचा मोह याच काळात सर्वांत जास्त होतो आणि नुकसानही याच काळात होते. राणी मिलनाहून परतताना पेटी उघडी असेल तर ती भलतीकडे शिरते.

थवा सुटून आंब्याच्या फांदीवर बसलाय. पकडता येईल?

येईल, आणि लवकर हालचाल केलीत तर सोपे आहे. लोंबणारा थवा पोटात मध भरून निघालेला असतो. राखायला पोळे नसल्यामुळे तो सहसा डंख करत नाही. संध्याकाळच्या सुमारास रिकामी पेटी थव्याच्या अगदी खाली धरा आणि फांदीला एकच जोरदार हिसका द्या. दुसऱ्या पेटीतली उघड्या अळ्यांची एक चौकट आत असेल तर थवा बसण्याची शक्यता खूप वाढते. पिलांना सोडून जाणे माश्यांना जड जाते.

दाराला राणीगेट (कामकरी माश्या जातील पण राणी अडेल अशी जाळी) लावायचे का, हा पुढचा प्रश्न. पहिल्या थव्यात जुनी, अंडी घालणारी राणी असते. तिथे तीन-चार दिवस राणीगेट लावणे योग्य. नंतर निघालेल्या लहान थव्यांत कुमारी राणी असते. तिला गेटने कोंडले तर मिलन होणार नाही. थवा पहिला की नंतरचा हे माहीत नसेल तर गेट लावू नका, फक्त अळ्यांची चौकट द्या.

रानातले मोहोळ आणून पेटीत भरू का?

घराच्या भिंतीत, मीटरच्या पेटीत, पाडायच्या वाड्यात बसलेले सातेरी मोहोळ सोडवून आणणे चांगले काम आहे. अनुभवी माणसासोबतच करा. देवराईतल्या किंवा रानातल्या ढोलीतले मोहोळ मात्र तिथेच राहू द्या. तुमच्या राण्यांच्या मिलनाला तिथलेच नर येतात. आग्या मोहोळाला हात लावायचा नाही. आग्या माशी आणि लहानखुरी फुलोरी माशी उघड्यावर एकच पोळे बांधतात, त्या पेटीत राहत नाहीत.

युरोपी, म्हणजे मेलिफेरा माशीची पेटी आणली तर मध जास्त मिळेल ना?

मध जास्त मिळतो, पण त्यासाठी सूर्यफूल, मोहरी, ओवा असे मोठे फुलोरे गाठत पेट्या गाडीत घालून फिराव्या लागतात. एका परसात वर्षभर बसवून ठेवलेली मेलिफेरा पावसाळ्यात साखरेवरच जगते. आणि सातेरीच्या शेजारी ती ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. टंचाईच्या दिवसांत मोठी माशी लहान वसाहती लुटते. शिवाय रोग आणि कीड एका जातीतून दुसरीत जाण्याचा धोका असतो. व्हॅरोआ कोळी, म्हणजे माश्यांवर जगणारी बारीक कीड, मुळात सातेरीचाच. सातेरीत तो बहुतांशी नरांच्या घरांपुरता राहतो आणि माश्या त्याला आवर घालतात. मेलिफेरात तो वसाहती संपवतो.

नवे सामान कोणते घ्यायचे?

आहे त्याच मापाची पेटी, एवढाच नियम. चौकटी एकमेकांत बसल्या नाहीत तर विभाजन, एकत्रीकरण, मदतीची चौकट देणे, सगळेच अडते. मेणपत्रे घेताना ती सातेरीसाठीची आहेत हे बघा. सातेरीच्या घरांचा व्यास पाच मिलिमीटरपेक्षा थोडा कमी असतो, मेलिफेराचा जास्त. मोठ्या छापाच्या पत्र्यावर सातेरी वेडेवाकडे पोळे बांधते. दोन पोळ्यांमध्ये माश्यांना ये-जा करण्यापुरतीच जागा लागते, म्हणून चौकटी सैल ठेवू नका. सैल जागेत आडवी पोळी बांधली जातात आणि मग चौकट उचलताना पिले चिरडतात.

विभाजनाला लागतील त्यापेक्षा एक पेटी जास्त तयार ठेवा. थवा सांगून येत नाही.

साखरपाणी द्यायचे का?

विभाजनानंतर दहा-बारा दिवस द्या. समान वजनाची साखर आणि पाणी, उकळून थंड केलेले, संध्याकाळी, पेटीच्या आत. वर काड्या किंवा वाळका पाला टाका, नाहीतर माश्या बुडतात. बाहेर सांडलेला एक थेंबही पुसून घ्या, कारण लुटालूट तिथूनच सुरू होते. गूळ आणि काकवी नको, त्यांनी माश्यांना हगवण लागते. बाहेरचा, अनोळखी मधही नको, त्यातून रोग येतात. आणि मध काढायच्या पेटीला फुलोऱ्यात साखरपाणी देऊ नये. मध भेसळीचा होतो.

पिले मरताना दिसतात. विभाजन करू की थांबू?

थांबा. आधी कारण शोधा.

बंद कोषांच्या टोप्या मध्येच उघडलेल्या, आत अळी ताठ पडलेली आणि तिचे डोके वर आलेले, असे दिसले तर चिमट्याने ती अळी अलगद ओढा. पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अखंड बाहेर आली तर थाई सॅकब्रूडचा संशय धरा. या विषाणूने १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतातल्या सातेरी वसाहतींचे प्रचंड नुकसान केले. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, कोणी देऊ केली तरी घेऊ नका. त्या पेटीतली चौकट दुसरीकडे द्यायची नाही, हत्यार आणि हात धुऊनच पुढची पेटी उघडायची. राणी काही दिवस वेगळी ठेवून पिलांचा खंड पाडणे आणि वसाहत दाट ठेवून तिला खाऊ घालणे, हे उपाय करता येतात. पुढच्या वर्षी विभाजन करताना जी पेटी आजारातून तगली किंवा आजारी पडलीच नाही तिच्यापासूनच राण्या वाढवा. परसातल्या माणसाच्या हातात निवडीची एवढीच ताकद आहे आणि ती मोठी आहे.

एकाच घरात दोन-तीन अंडी दिसतात. राणी फार चांगली आहे का?

उलट, राणी नाही. अंडी घराच्या तळाशी मधोमध एकच असायला हवी. भिंतीला चिकटलेली, एकापेक्षा जास्त अंडी म्हणजे कामकरी माश्या अंडी घालू लागल्या आहेत. त्यांतून फक्त नर निघतात. सातेरीत हे फार लवकर घडते. म्हणून विभाजनानंतर साधारण चार आठवड्यांनी नव्या राणीची अंडी तपासायचीच. राणी नसेल आणि अजून अशी अंडी सुरू झाली नसतील तर दुसऱ्या पेटीतली कोवळ्या अळ्यांची चौकट द्या. सुरू झाली असतील तर ती वसाहत वेगळी वाचवण्याचा खटाटोप करू नका. माश्या दुसऱ्या जोमदार पेट्यांपुढे झटकून टाका.

चैत्र-वैशाखाच्या उन्हात काय काळजी घ्यायची?

सकाळचे ऊन आणि दुपारची सावली, ही सगळ्यांत चांगली जागा. पत्र्याच्या शेडखाली पेटी तापते. गवताचा किंवा झापाचा आडोसा बरा. जवळच उथळ ताटात खडे घालून पाणी ठेवा आणि ते कधी कोरडे पडू देऊ नका. एकदा शेजाऱ्याच्या नळाची सवय लागली की माश्या तिकडेच जातात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. रिकामी, जुनी काळी पोळी पेटीत ठेवू नका. मेणअळी तिथूनच पसरते. तळपाट दर आठवड्याला झाडा.

शेजारी आणि फवारणी?

दाराची दिशा वाटेकडे नको. समोर पुरुषभर उंचीचे कुंपण किंवा मेंदी-जास्वंदीची दाट रांग असेल तर माश्या वरून उडतात. पेट्या वाढवण्याआधी शेजाऱ्यांना सांगा, कोणाला डंखाची ॲलर्जी आहे का विचारा. डंखानंतर अंगभर गांध्या, श्वास लागणे, चक्कर असे झाले तर घरगुती उपाय न करता लगेच १०८ ला फोन करायचा.

फवारणीचा धोका कोकणात मोहोराच्या काळात सर्वांत जास्त, कारण तुडतुड्यांसाठी बागा फवारल्या जातात. बागायतदाराशी भांडून काही मिळत नाही. त्याच्याच बागेत परागीभवन होते हे त्याला दाखवा, फवारणीची तारीख आधी मागा आणि ती माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करायची विनंती करा. मी तर पहिला मध निघाला की आधी त्याच घरी बाटली पोहोचवते.

विभाजन केलेल्या पेटीतून यंदा मध काढू का?

नव्या पेटीतून नाही. जुन्या पेटीवर मधकोठी (मधासाठीचा वरचा कप्पा) भरली असेल आणि तीन-चतुर्थांश घरे मेणाने बंद असतील तर फक्त मधकोठीतला, मधयंत्राने काढा. पोळे पिळून नको. खालच्या कोठीतला मध माश्यांचा आहे. अन्नसुरक्षा नियमांत मधातल्या पाण्याची मर्यादा २० टक्के आहे. घाईने, उघड्या घरांतून काढलेला सातेरीचा मध सहज तिच्यावर जातो आणि आंबतो. मेच्या मध्यानंतर मधकोठीलाही हात लावू नका.

प्रशिक्षण आणि अनुदान कुठे मिळते?

राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. मंडळाच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षणासोबत साहित्यावर ५० टक्के अनुदान असते. अर्ज जिल्हा कार्यालयात द्यायचा. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. घरोघरच्या सातेरी पेट्या कशा सांभाळतात हे बघायला तिथे जरूर जा.

मेअखेर एक पेटी अशक्तच राहिली. काय करू?

एकत्र करा. मन धजत नाही हे खरे, कारण तीन महिने सांभाळलेली पेटी असते. पण तीन चौकटीही माश्यांनी झाकल्या जात नसतील तर ती पाऊस काढणार नाही. दोन्ही पेट्या आधी रोज हातभर सरकवत शेजारी आणा. जिची राणी कमकुवत तिला काढा. संध्याकाळी जोमदार पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरा, त्याला सुईने चार-सहा बारीक भोके पाडा आणि त्यावर अशक्त पेटीची कोठी ठेवा. माश्या कागद कुरतडतात, तोवर दोघींचा वास मिसळतो आणि मारामारी होत नाही. तिसऱ्या दिवशी चिंध्या दारातून बाहेर पडलेल्या दिसतील. मग भरलेल्या चौकटी खालच्या कोठीत एकत्र करा, रिकामी पोळी काढून वितळवा, झाकणावर प्लास्टिक बांधा आणि दार दोन-तीन माश्यांपुरते अरुंद करा.